४१२ पानांची फाईल सारखी बंद पडतेय, मदत हवी आहे (लिबरऑफिस रायटर)

घाटमाथा

नमस्कार मंडळी. वाई तालुक्यातल्या आमच्या गावाचा इतिहास लिहायचं काम गेली तीन वर्षं चाललंय. मी शाळेत इतिहास शिकवायचे, निवृत्त झाल्यावर हेच हातात घेतलं. आता ४१२ पानं झालीत, ७४० च्या आसपास तळटीपा आहेत, वीरगळांचे आणि देवळांचे ३० फोटो आहेत आणि शेवटी परिशिष्टात एका घराण्याच्या दफ्तरातल्या मोडी कागदांचे ६४ स्कॅन आहेत. सगळं एकाच फाईलमध्ये. लिबरऑफिस रायटर वापरते, विंडोज १०, रॅम ४ जीबी.

गेल्या महिन्यापासून असं होतंय की फाईल उघडते नीट, पहिली दोनशे पानं नीट वर-खाली होतात, पण पुढे गेलं की पांढरा पडदा येतो, वर नॉट रिस्पॉन्डिंग दिसतं आणि मग खिडकीच गायब. कधी काहीच करत नसते, नुसती वाचत बसलेली असते, तरी बंद पडतं. पुन्हा उघडल्यावर रिकव्हरी विचारतो, बहुतेक वेळा मजकूर परत येतो पण परवा दोन पानांच्या तळटीपा परत आल्याच नाहीत, त्या मी पुन्हा वहीतून बघून टाईप केल्या. दुकानात दाखवलं तर ते म्हणाले फॉरमॅट मारावा लागेल. मला ते करायचं नाहीये, निदान फाईल सुखरूप आहे याची खात्री होईपर्यंत तरी नाही. काय करू?

निवांत_दुपार

ताई, आधी एकच करा, बाकी सगळं नंतर. फाईल बंद करा, तिची कॉपी घ्या, नावात आजची तारीख टाका आणि ती कॉपी पेनड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी ठेवून द्या. यापुढे जे काही प्रयोग सांगू ते सगळे दुसऱ्या कॉपीवर करायचे, मूळ फाईलला हात लावायचा नाही. फॉरमॅट अजिबात मारू नका, फाईलमध्येच दोष असेल तर विंडोज नवीन टाकून काय होणार, तीच फाईल पुन्हा तशीच पडेल.

सदाफुली

+१. आणि ताई तुम्ही पेनड्राइव्हवरच फाईल उघडून काम करता का? बरेच जण करतात. मोठी फाईल थेट पेनड्राइव्हवर सेव्ह होत असताना तो जरा हलला किंवा घाईत काढला की फाईल अर्धीच लिहिली जाते. काम हार्डडिस्कवरच करायचं, संपलं की पेनड्राइव्हवर कॉपी टाकायची.

घाटमाथा

निवांत_दुपार, कॉपी घेतली, दोन ठिकाणी ठेवली. सदाफुली, नाही हो, लॅपटॉपवरच आहे फाईल. आकार बघितला तर ४३० एमबी दिसतोय, हे जास्त आहे का?

लोखंडी_पेटी

४३० एमबी खूपच आहे. चारशे पानांचा नुसता मजकूर असता तर फाईल एक-दोन एमबीच्या पुढे जाणं अवघड, ओडीटी, म्हणजे रायटरची फाईल, ही मुळात झिपच असते आणि मजकूर दाबून बसवलेला असतो. म्हणजे बाकी सगळं वजन चित्रांचं.

तरी सरळ चित्रांवर उडी नको, क्रमाने जाऊ. आधी हेल्प मेनूत जाऊन रिस्टार्ट इन सेफ मोड करा. एक खिडकी येईल, त्यात कंटिन्यू इन सेफ मोड निवडा. त्यात तुमची सगळी सेटिंग, एक्स्टेन्शन, ग्राफिक्स कार्डाची मदत हे सगळं तात्पुरतं बाजूला ठेवलं जातं. सेफ मोडमध्ये फाईल नीट चालली तर दोष युजर प्रोफाइलमध्ये, म्हणजे तुमची सेटिंग साठवली जातात तिथे आहे, आणि ते सुधारायला पाच मिनिटं लागतात. सेफ मोडमध्येही पडली तर दोष फाईलमध्ये किंवा मशीनमध्ये.

दुसरं, हेल्पमध्येच अबाउट उघडा आणि व्हर्जनच्या पुढे कंसात एक्स ६४ लिहिलंय की एक्स ८६ ते सांगा.

शोधप्रबंध_चालू

मीही याच दुखण्यातून गेलेय, फक्त माझं वर्डमध्ये आहे, म्हणून धागा फॉलो करतेय. २८० पानं, टेबलं भरपूर. कोणी वर्डचंही सांगाल का प्लीज?

घाटमाथा

लोखंडी_पेटी, केलं. सेफ मोडमध्ये पण पडलं, पान २४८ की २४९ ला. आणि अबाउटमध्ये एक्स ८६ आहे. दुकानातूनच टाकून दिलं होतं.

लोखंडी_पेटी

बरं झालं कळलं. एक्स ८६ म्हणजे ३२-बिट. ३२-बिट प्रोग्रॅमला मशीनमध्ये कितीही रॅम असली तरी २ जीबी, फार तर ४ जीबीपर्यंतच मेमरी मिळते, त्यापुढे मागितली की मिळत नाही आणि प्रोग्रॅम कोसळतो. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट बघा, तिथे ६४-बिट ऑपरेटिंग सिस्टीम लिहिलं असेल तर लिबरऑफिसच्या अधिकृत साईटवरून ६४-बिटचं घेऊन टाका. फाईलला काही होत नाही त्याने.

आता चित्रांचं गणित सांगतो, कारण इथेच सगळ्यांची फसगत होते. तुमचे मोडी कागद कसे स्कॅन केलेत? ए४ आकाराचा कागद, ६०० डीपीआय (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके), रंगीत असं असेल तर एका स्कॅनमध्ये ४,९६० बाय ७,०१६ ठिपके होतात. जवळपास साडेतीन कोटी. फाईल म्हणून तो जेपीईजी ५ एमबीचा दिसतो कारण तो दाबलेला आहे, पण पडद्यावर दाखवायचा तर प्रोग्रॅमला तो पूर्ण उलगडावा लागतो आणि प्रत्येक ठिपक्याला ३ ते ४ बाइट लागतात, म्हणजे एका कागदाला १०० ते १४० एमबी. प्रोग्रॅम सगळी चित्रं एकदम उलगडून ठेवत नाही हे खरं, पण तुम्ही परिशिष्टातून भराभर खाली गेलात की दहा-पंधरा चित्रं एकामागून एक उलगडतात आणि तेवढ्यातच २ जीबीची हद्द येते. तुमची फाईल पान २४८ ला पडते, परिशिष्ट कुठे सुरू होतं?

घाटमाथा

पान २४१ ला!! परिशिष्ट क्रमांक एक मधेच घेतलंय कारण त्याच्यानंतरची प्रकरणं त्या कागदांवर आधारलेली आहेत. आणि हो, ६०० डीपीआय रंगीतच आहेत, पुतण्याने स्कॅन करून दिले होते, म्हणाला होता की एकदाच करायचं तर उत्तम करू. रुमालात बांधलेले कागद आहेत, कडा तुटायला लागल्यात, परत परत काढता येत नाहीत.

लोखंडी_पेटी

पुतण्याने अगदी योग्य केलंय. जतनासाठी ६०० च हवेत, ते मूळ स्कॅन तसेच वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, दोन डिस्कवर ठेवा. फक्त पुस्तकाच्या फाईलमध्ये ते घालायचे नाहीत. पुस्तकात चित्र ५ इंच रुंद छापणार असाल तर ३०० डीपीआयला १,५०० ठिपके रुंदी पुरते. आतला भाग काळा-पांढरा छापणार असाल तर ग्रेस्केल करा, मग उलगडल्यावर एक चित्र ३-४ एमबीच होईल. १४० वरून ४ वर. फोटोंचंही तेच, १२ मेगापिक्सेलच्या मोबाईलचा फोटो ४,००० बाय ३,००० असतो, उलगडला की ३६ ते ४८ एमबी.

आणि एक, चित्राचा कोपरा ओढून लहान केलं म्हणजे ते हलकं झालं असं नाही. क्रॉप केलं तरी कापलेला भाग आतच राहतो.

निवांत_दुपार

चित्रं लहान करायला इरफानव्ह्यू वापरा, घरगुती वापराला फुकट आहे, त्यात बॅच कन्व्हर्जन आहे, पूर्ण फोल्डर एकदम होतो. मग रायटरमध्ये प्रत्येक चित्रावर राइट क्लिक करून रिप्लेस द्यायचं, म्हणजे जागा आणि खालचा मथळा तसाच राहतो. ९४ चित्रं म्हणजे दोन संध्याकाळी जातील पण पुन्हा जुळणी करायला नको. राइट क्लिकमध्ये कॉम्प्रेसही आहे, पाच-दहा चित्रं असतील तर तेही चालतं.

गगनबावडा

एवढा खटाटोप कशाला, गूगल डॉक्समध्ये टाका ना सगळं, सेव्ह करायची पण भानगड नाही.

लोखंडी_पेटी

गगनबावडा, गूगल डॉक्सला एका डॉक्युमेंटची मर्यादा १०.२ लाख कॅरेक्टर्सची आहे, आणि देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त प्रत्येकाला युनिकोडमध्ये स्वतंत्र कोड असतो त्यामुळे आपला मजकूर दिसतो त्यापेक्षा मोजणीत बराच मोठा भरतो. बाहेरची फाईल आत घ्यायची तर ५० एमबीच्या आत लागते. दोघांनी मिळून लिहायला छान आहे, पण ७४० तळटीपा आणि इतकी चित्रं असलेलं पुस्तक तिकडे हलवणं ताईंना आणखी त्रासाचं होईल.

अक्षरजुळणी

मी बावीस वर्षं डीटीपी करतोय, माझ्याकडे अशा फाईली येतात त्यावरून दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे वेबसाईटवरून किंवा पीडीएफमधून मजकूर उचलून थेट चिकटवलेला असतो, त्याच्याबरोबर त्या साईटची टेबलं, फ्रेम, रंग, शंभर प्रकारचं फॉरमॅटिंग आत येतं आणि डोळ्यांना दिसत नाही. रायटरमध्ये कंट्रोल, अल्ट, शिफ्ट आणि व्ही दाबून चिकटवलं तर नुसता मजकूर येतो. आधीच चिकटवलेला असेल तर तेवढा भाग निवडून कंट्रोल एम, म्हणजे वरवरचं फॉरमॅटिंग निघतं, पण जपून, तुम्ही केलेलं ठळक-तिरकं पण त्यात जातं.

दुसरं, फाईल एकदा ओडीटी, एकदा डॉक्स (गूगलचं नव्हे, वर्डची फाईल), परत ओडीटी असं करत राहू नका. प्रत्येक वेळी दोन्ही प्रोग्रॅम एकमेकांच्या गोष्टींचा जमेल तसा अर्थ लावतात आणि दहा फेऱ्यांनंतर तळटीपा, टेबलं यांची पार वाट लागते. तपासणाऱ्याला वर्डमध्ये हवी असेल तर त्याच्यासाठी वेगळी कॉपी काढा, त्याने सांगितलेले बदल आपल्या मूळ फाईलमध्ये हाताने करा.

आणि तुमच्याकडे जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेली प्रकरणं आहेत का? असतील तर ती आधी युनिकोडमध्ये आणा. एकाच फाईलमध्ये दोन्ही ठेवलं की फॉन्ट बदलल्यावर निम्मं पुस्तक वाचता येत नाही.

घाटमाथा

अक्षरजुळणी, जुना फॉन्ट नाही, सगळं युनिकोड आहे, इनस्क्रिप्टने टाईप केलंय. पण डॉक्सच्या फेऱ्या झाल्यात, माझे एक स्नेही तपासून द्यायचे ते वर्डमध्ये.

बाकी ६४-बिट टाकलं, चित्रं बदलली, तीन संध्याकाळी गेल्या. फाईल ४३० वरून ४६ एमबी झाली आणि परिशिष्ट आता अगदी अलगद सरकतंय, महिन्यात पहिल्यांदा मी २४१ ते ३१० पानं सलग बघितली. खूप खूप आभार.

पण एक राहिलंय. आता पान ११८ च्या जवळ गेलं की अडकतं. बंद पडत नाही, नुसतं अडकतं, पंखा जोरात फिरायला लागतो आणि दहा मिनिटं थांबलं तरी परत येत नाही, शेवटी टास्क मॅनेजरमधून बंद करावं लागतं. तिथे एकही स्कॅन नाही.

लोखंडी_पेटी

हे वेगळं दुखणं आहे. बंद पडणं हे बहुतेक मेमरीचं, आणि पंखा फिरत राहून अडकणं म्हणजे प्रोग्रॅम पानाची मांडणी करतोय, जमत नाही म्हणून पुन्हा करतोय, पुन्हा करतोय, त्याच्यातून बाहेरच येत नाही. टेबल आणि तळटीप किंवा टेबल आणि चित्र एकत्र आले की हे व्हायची शक्यता जास्त.

नक्की जागा शोधायला अर्धं-अर्धं करायचं. कॉपी घ्या, २०७ ते ४१२ पानं उडवा, सेव्ह करा, बघा अडकतं का. अडकलं तर उरलेल्याचं अर्धं उडवा, नाही अडकलं तर दुसरा अर्धा भाग घ्या. ४१२ पानांतून एका पानापर्यंत यायला जास्तीत जास्त नऊ वेळा करावं लागतं. तुम्हाला साधारण जागा माहीत आहे म्हणजे चार-पाच वेळात होईल. आणि हे करताना शिफ्ट एफ ७ दाबून स्पेलिंग तपासणी बंद ठेवा, मराठी आडनावं आणि गावांची नावं सगळी लाल होतात आणि चारशे पानांवर ती तपासत बसणं उगाच ओझं.

शोधप्रबंध_चालू

ही अर्ध्याची पद्धत वर्डलाही लागू आहे का?

निवांत_दुपार

लागू आहे. वर्डचं थोडक्यात सांगतो. कंट्रोल दाबून धरून वर्डच्या आयकॉनवर क्लिक कर, सेफ मोडमध्ये उघडू का विचारेल. तिथे नीट चाललं तर एखादं अ‍ॅड-इन किंवा नॉर्मल टेम्प्लेट बिघडलंय, ऑप्शन्समध्ये जाऊन अ‍ॅड-इन एकेक बंद करून बघ. सेफ मोडमध्येही तेच झालं तर डॉक्युमेंट. मग फाईल ओपनच्या खिडकीत ओपन बटणाच्या बाजूचा बाण दाबून ओपन अँड रिपेअर.

त्यानेही नाही झालं तर जुना आणि खात्रीचा उपाय, परिच्छेदाची चिन्हं दिसतील असं कर आणि अगदी शेवटचं परिच्छेदचिन्ह सोडून बाकी सगळं निवडून नव्या कोऱ्या डॉक्युमेंटमध्ये चिकटव. वर्ड त्या शेवटच्या चिन्हात बरीच माहिती साठवतो आणि बिघाड तिथेच बसलेला असतो. सेक्शन ब्रेक असतील तर प्रत्येक सेक्शन वेगळा, ब्रेक न घेता उचलायचा.

झोटेरोने संदर्भ टाकत असशील तर त्याच्या डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये संदर्भ आपोआप अपडेट होणं बंद ठेव, पाचशे संदर्भ असले की प्रत्येक नव्या संदर्भाला सगळे पुन्हा तपासले जातात. आणि डिफॉल्ट प्रिंटर कॉलेजच्या नेटवर्कवरचा असेल तर घरी पीडीएफवाला प्रिंटर डिफॉल्ट कर. वर्ड मांडणीसाठी प्रिंटरला विचारतो आणि तो सापडत नसला की ताटकळतो.

ट्रॅक चेंजेस चालू आहेत का? गाईडने केलेले हजारो बदल तसेच पडून असतील तर ते मान्य-अमान्य करून संपव, फाईल निम्मी हलकी वाटेल.

शोधप्रबंध_चालू

ट्रॅक चेंजेस पहिल्या ड्राफ्टपासूनचे आहेत 😟 आज रात्री कॉपी घेऊन बसते. धन्यवाद दादा.

सदाफुली

जाता जाता एक सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. माझ्या आईच्या कथांची ओडीटी एकदा उघडेचना, वीज गेली तेव्हा सेव्ह होत होती. त्या फाईलच्या कॉपीचं एक्स्टेन्शन बदलून झिप केलं, ती झिप उघडली, आत कंटेन्ट नावाची एक्सएमएल फाईल होती, ती ब्राउझरमध्ये उघडली तर खुणांच्या जंजाळात सगळा मजकूर होता. सगळ्या सोळा कथा मिळाल्या. चित्रं पिक्चर्स नावाच्या फोल्डरमध्ये असतात. डॉक्सलाही हेच चालतं, तिथे वर्ड नावाच्या फोल्डरमध्ये डॉक्युमेंट नावाची एक्सएमएल असते. आईने त्यातल्या चार कथा वर्षभर परत परत लिहिल्या होत्या, त्या गेल्या असत्या तर तिने पुन्हा लिहायला घेतलंच नसतं.

निवांत_दुपार

सदाफुली, हे प्रत्येकाने लिहून ठेवावं असं आहे. वाखूसा (वाचनखूण साठवली).

घाटमाथा

सापडलं. पाच वेळा अर्धं केलं. पान ११७ ते ११९ वर वंशावळीचं टेबल आहे, डॉक्समधून परत आलेलं. त्यात एका ओळीच्या एकाच खान्यात चौथ्या पिढीचा सगळा वृत्तांत आहे, अडीच पानांचा, आत अकरा तळटीपा आणि एक फोटो. ते टेबल काढलं की फाईल पळते. पण टेबल तर हवंय.

लोखंडी_पेटी

टेबल राहील. टेबल प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट फ्लो उघडा, तिथे ओळ पुढच्या पानावर तुटू द्यायची का असा पर्याय आहे, अलाऊ रो टू ब्रेक अ‍ॅक्रॉस पेजेस. त्याची खूण निघालेली असणार. अडीच पानांची ओळ तोडायची नाही म्हटल्यावर ती बसणार कुठे, त्यात तळटीपा पानाच्या तळाला जागा मागतात, त्यांना जागा दिली की ओळ सरकते, ओळ सरकली की तळटीपा सरकतात. खूण परत करा. फोटोवर राइट क्लिक करून अँकरमध्ये अ‍ॅज कॅरेक्टर करा, म्हणजे तो अक्षरासारखा ओळीत बसेल, तरंगणार नाही.

माझं ऐकाल तर तो वृत्तांत टेबलातून बाहेरच काढा. वंशावळीत फक्त नावं आणि साल ठेवा, वृत्तांत खाली साध्या परिच्छेदात घ्या. वाचणाऱ्यालाही तेच सोपं.

अक्षरजुळणी

सहमत, छापताना पण अडीच पानांचा खाना वाईट दिसतो. प्रकरणं वेगवेगळ्या फाईलीत ठेवून मास्टर डॉक्युमेंटने जोडायचा सल्ला कोणी दिला तर रायटरमध्ये ते चालतं, वर्डमध्ये मात्र जुनी माणसं त्यापासून लांब राहतात. पण तुमची फाईल आता ४६ एमबीची आहे, एकत्रच राहू द्या, सूची आणि तळटीपांचे क्रमांक सोपे पडतात.

घाटमाथा

वृत्तांत बाहेर काढला. त्या खान्यात एका तळटिपेचा क्रमांक दोनदा आला होता हेही तेव्हाच दिसलं, डॉक्सच्या फेरीत झालं असावं. आज सकाळपासून चार तास फाईल उघडी आहे, एकदाही अडकली नाही.

ऑटोरिकव्हरी दहा मिनिटांवर आहे, ती कमी करू का? मधे मी काही न करता बंद पडायचं ते त्याच्यामुळेच का?

लोखंडी_पेटी

शक्यता बरीच. ऑटोरिकव्हरीच्या वेळी फाईल पूर्ण नव्याने लिहिली जाते, तेव्हा ४३० एमबी लिहिताना मेमरी संपत असेल. आता पाच मिनिटं ठेवलीत तरी चालेल. त्याच ठिकाणी बॅकअप कॉपी कायम ठेवा असा पर्याय आहे, त्यावरही खूण करा, म्हणजे प्रत्येक सेव्हला आधीची आवृत्ती बाजूला राहते. पण ऑटोरिकव्हरी म्हणजे सेव्ह नव्हे, प्रोग्रॅम नीट बंद केला की ती पुसली जाते, त्यामुळे कंट्रोल एस दाबत राहा आणि रोज संध्याकाळी तारखेची एक कॉपी.

छापखान्यात काय देणार, पीडीएफ ना? एक्सपोर्टच्या खिडकीत जेपीईजी क्वालिटी ९० आणि रेझोल्यूशन ३०० डीपीआय ठेवा, कमी केलंत तर मोडीतल्या बारीक रेघा पुसट होतील.

घाटमाथा

तेवढंच ठेवलं. आत्ता पीडीएफ निघाली, पहिल्याच झटक्यात. वृत्तांत बाहेर काढल्यामुळे ४१९ पानं झालीत. दफ्तर ज्यांच्या घरचं आहे त्या काकांना उद्या परिशिष्टाची पानं दाखवायला घेऊन जातेय, त्यांना मोडी येत नाही पण त्यांच्या पणजोबांची मोर्तब कुठल्या कागदावर आहे ते त्यांना पाठ आहे, तो कागद आता पान २६३ वर आहे.